सेवेत झालेली जखम: लैंगिक अत्याचार आणि माजी सैनिकाचा अपंगत्वाचा दावा

सैन्यात असताना सहकाऱ्याने किंवा वरिष्ठाने लैंगिक अत्याचार केला आणि त्या धक्क्यातून कायमचा मानसिक आजार जडला, तर त्या आजारासाठी माजी सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन मागता येते. भारतातल्या पेन्शन नियमांनी त्याला मज्जाव केलेला नाही. मात्र ज्या नियमांवर आजवरचे बहुतेक दावे तपासले गेले, त्यांत या प्रकारच्या जखमेचा नामोल्लेखही नाही. मोहोळ तालुक्यातल्या माजी सैनिकाचा दावा सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे आणि तिथून प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे जातो. या वाटेने गुडघ्याचे, कानाचे, रक्तदाबाचे, हृदयाचे दावे वर्षानुवर्षे गेले आहेत आणि ते कसे लिहायचे, हे माजी सैनिकांना एकमेकांकडून कळते. लैंगिक अत्याचारातून आलेल्या आजाराचा दावा कसा लिहायचा, हे सांगणारे कोणी नसते आणि विचारणेही अवघड असते.

अपंगत्व निवृत्तिवेतनाला, म्हणजे ज्याला सगळे डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात त्याला, दोन अटी आहेत. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे. प्रमाण मेडिकल बोर्ड ठरवते. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो, त्याखाली त्या प्रमाणात. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने २० ते ४९ टक्क्यांचे अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत दिली. ती आधी आजारपणामुळे सेवेतून काढलेल्यांपुरती होती. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात नियत वेळी निवृत्त झालेल्यांनाही ती लागू केली. शेवटचे वेतन ४०,००० रुपये असलेल्या जवानाला अशा ५० टक्क्यांचे महिन्याला ६,००० रुपये होतात, त्यावर महागाई भत्ता वेगळा. रक्कम मोठी नाही. कोणी पैशासाठी असला प्रसंग रचून सांगेल, ही शंका घेणाऱ्यांनी हा आकडा आणि गावात त्यासाठी मोजावी लागणारी किंमत शेजारी ठेवून पाहावी. २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले. ते त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी आहेत. आज गावोगावी असलेल्या बहुतेक माजी सैनिकांचा दावा जुन्याच, म्हणजे १९८२ च्या आणि २००८ च्या नियमांखाली येतो.

जखम नेमकी कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. अत्याचारानंतर महिनोन्‌महिने झोप न लागणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडणे, विशिष्ट आवाज, वास किंवा गणवेश दिसताच अंगाचा थरकाप होणे, माणसांत न मिसळणे, दारू, आत्महत्येचे विचार ही लक्षणे वैद्यकशास्त्राला नवीन नाहीत. बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ मध्ये त्यांची एकत्रित मांडणी केली. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान आले. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत, कोणत्या आघातानंतर हा विकार किती जणांना होतो, ते तपासले गेले. लढाईचा अनुभव हाच सर्वांत मोठा धक्का ठरलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना तो झाला होता. बलात्कार हा सर्वांत मोठा धक्का ठरलेल्यांत हे प्रमाण स्त्रियांमध्ये सुमारे ४६ टक्के होते आणि पुरुषांमध्ये ६५ टक्के.

हे आकडे ध्यानात ठेवून लष्करी डॉक्टरांसाठीची पेन्शनविषयक मार्गदर्शिका वाचावी. मेडिकल बोर्डावरचे डॉक्टर याच पुस्तकाच्या आधारे मत देतात. २००८ ची आवृत्ती सांगते की मानसिक आजार आनुवंशिक आणि बाह्य अशा दोन्ही कारणांच्या गुंतागुंतीतून होतात. मग कोणत्या परिस्थितीत तो सेवेमुळे झाला असे मानावे, याची यादी येते: लढाईचे किंवा बंडखोरीविरोधी कारवाईचे क्षेत्र, अतिउंचावरची नेमणूक, अत्यंत एकाकी चौकी, पाणबुडीतला अपघात किंवा समुद्रात हरवणे, जीवितहानी झालेला वाहनाचा किंवा विमानाचा अपघात, भूकंप-वादळासारख्या आपत्तीत मृतदेहांजवळ करावे लागलेले काम. यादी विचारपूर्वक केलेली आहे. कुजलेल्या मृतदेहांची दुर्गंधी माणसाच्या मनाचे काय करते, इथवर तिने पाहिले आहे. बराकीत, मेसमध्ये, प्रशिक्षण केंद्रात आपल्याच माणसाने केलेला अत्याचार मात्र तिच्यात नाही. लढाईपेक्षा जास्त प्रमाणात हा विकार निर्माण करणारे कारण यादीबाहेर राहिले आणि त्याचा परिणाम साधा आहे. सियाचीनमध्ये नेमणूक नव्हती, काश्मीरमध्ये नव्हती, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर होता किंवा होती. तेव्हा आजार मुळातला, सेवेशी संबंध नाही, असा शेरा पडायला जागा होते. त्यातही निदान व्यक्तिमत्त्व विकाराचे लिहिले गेले तर दार जवळपास बंदच होते, कारण तो विकार जन्मजात घडणीचा मानला जातो.

तरीही नियमांत वाट आहे, आणि ती या यादीपेक्षा वरच्या दर्जाची आहे. मार्गदर्शिका ही डॉक्टरांना दिलेली सूचना. हक्क ठरतो तो पात्रता नियमांवर. १९८२ च्या नियमांत 'कर्तव्यावर' असणे म्हणजे काय, याची व्याख्या आहे आणि तिच्यात एक महत्त्वाची तरतूद आहे. सैनिक काटेकोर अर्थाने कर्तव्यावर नसताना झालेली इजाही सेवेमुळे झाली असे मानता येते. मात्र त्या इजेचा धोका सेवेचे स्वरूप, परिस्थिती, बंधने किंवा सेवेतल्या घटना यांमुळे निश्चितपणे वाढलेला असावा आणि तो भारतातल्या आजच्या जगण्यात सर्वांनाच असणारा सामान्य धोका नसावा.

लैंगिक अत्याचार तर समाजात सगळीकडेच होतात, मग हा सामान्य धोका नव्हे काय, असा आक्षेप इथे येतो. त्याचे उत्तर सेवेच्या बंधनांत आहे. कारखान्यातली कामगार स्त्री दुसऱ्या दिवशी कामावर जाणे थांबवू शकते. त्यात तिचे नुकसान होईल, पण तो गुन्हा नाही. सैनिकाने तसे केले तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खाली तो बिनपरवाना गैरहजेरीचा गुन्हा होतो, आणि परत न येण्याचा हेतू दिसला तर कलम ३८ खाली पलायनाचा. वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा कलम ४१ खालचा गुन्हा. कुठे राहायचे, कोणाबरोबर एका बराकीत राहायचे, कोणाच्या खोलीवर फाइल घेऊन जायचे, रजा कधी मिळणार, वार्षिक अहवालात काय लिहिले जाणार, हे सगळे एकाच साखळीतल्या माणसांच्या हातात असते. अत्याचार करणारा त्या साखळीत वर असेल तर नकार, पळ आणि तक्रार हे तिन्ही मार्ग सेवेनेच अडवलेले असतात. 'सेवेच्या बंधनांमुळे वाढलेला धोका' या शब्दांत हीच परिस्थिती बसते, आणि तिला त्यातून वगळायचे तर कारण वगळणाऱ्याने द्यायला हवे. अत्याचार हे बेकायदा कृत्य आहे, ते लष्करी काम नाही, हे खरे असूनही गैरलागू आहे. नियम धोका कशाने वाढला एवढेच विचारतो, इजा करणाऱ्याचे कृत्य कायदेशीर होते का, हे विचारत नाही.

पुराव्याचे ओझे कोणावर, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात दिले. सिग्नल्समधला हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि फेफऱ्यासारख्या आजारामुळे १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वावर घरी पाठवला गेला. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता असे गृहीत धरावे. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे गृहीत धरावे. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. आणि वाजवी शंकेचा फायदा सैनिकाला, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी वीर पाल सिंग खटल्यात, मानसिक आजाराबाबत मेडिकल बोर्डाचे कारणे न देणारे मत डोळे झाकून मान्य करता येत नाही, असे सांगून फेरतपासणीचा आदेश झाला. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात मात्र न्यायालय सावध झाले. मनाचे काही आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, म्हणून नुसत्या नोंदीच्या अभावावरून प्रत्येक मानसिक आजार सेवेच्या माथी मारता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. अत्याचारग्रस्ताच्या दाव्याला हा निकाल आडवा येतो असे वाटेल. नीट पाहिले तर तो त्याला मदतच करतो. ज्या आजाराचे बाहेरचे कारण सांगता येत नाही, त्याच्याविषयी तो बोलतो. आघातोत्तर विकाराचे निदानच बाहेरच्या आघाताशिवाय होत नाही. म्हणून निदानाचा शब्द योग्य पडणे इथे अर्धी लढाई आहे.

उरलेली अर्धी लढाई आघात घडला हे दाखवण्याची. तक्रार झाली नव्हती, साक्षीदार नाही, वैद्यकीय तपासणी नाही. असल्या प्रकरणांत बहुधा असेच असते. अमेरिकेने हा पेच २००२ च्या नियमाने सोडवला. तिथे सैनिकी सेवेतल्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्याला लष्करी तक्रारीची नोंद सक्तीची नाही. अचानक मागितलेली बदली, कामाची घसरलेली प्रत, गर्भधारणेची किंवा गुप्तरोगाची चाचणी, दारू वाढणे, त्या काळात घरी लिहिलेली पत्रे, मैत्रिणीला किंवा धर्मगुरूला सांगितलेली हकीकत, असे आडवळणाचे दुवे ग्राह्य धरले जातात, आणि असे दुवे देण्याची संधी दिल्याशिवाय दावा फेटाळता येत नाही. नियम चांगला असला तरी तो राबवणारे हात तयार लागतात, हेही तिथेच दिसले. २०१८ मध्ये माजी सैनिक विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१७ मधल्या सहा महिन्यांत नाकारलेले दावे तपासले, तेव्हा सुमारे २,७०० पैकी सुमारे १,३०० दाव्यांची हाताळणी चुकीची निघाली. उपचारांसाठी तर त्या विभागाला पुरावाही लागत नाही. सेवेत लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का, असे तपासणीत विचारल्यावर तिथल्या माजी सैनिक स्त्रियांपैकी दर तिघींत एक आणि पुरुषांपैकी दर पन्नासांत एक जण होकार देतो. सैन्यात पुरुष कितीतरी जास्त, त्यामुळे प्रत्यक्ष संख्येत पुरुष पीडितही फार मोठ्या प्रमाणात आहेत.

भारतीय सैन्याच्या कागदांतही असे दुवे असतात. सैनिकाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांत लिहिली जाते आणि त्यातले पहिले अक्षर मानसिक स्थितीचे. एक वरून ते दोन किंवा तीनवर कोणत्या महिन्यात गेले, त्याआधीच्या आणि नंतरच्या वार्षिक अहवालात काय फरक पडला, रजा कधी वाढल्या, लाल शाईचे शेरे कधीपासून सुरू झाले, बदलीचा अर्ज कधी गेला, हे एका कागदावर तारखांसह मांडले की चित्र उभे राहते. एक धोका मात्र इथलाच आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवताना युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचा अहवाल एएफएमएसएफ-१० या फॉर्मवर जातो. रुग्णाचे वागणे, कामगिरी, स्वभाव याविषयी त्यात लिहिलेले असते आणि बोर्ड त्याला वजन देते. अत्याचार त्याच युनिटमध्ये झाला असेल, आरोपी त्याच साखळीत असेल, तर हा अहवाल निःपक्षपाती कसा मानायचा? अशा प्रकरणात युनिटचे मत बोर्डाने बाजूला ठेवले पाहिजे. ही सुधारणा कायदा न बदलता, एका आदेशाने होण्यासारखी आहे.

गुन्ह्याचा खटला आणि पेन्शनचा दावा एकमेकांत मिसळणे हे या विषयातल्या सर्वांत नुकसानकारक घोटाळ्याचे मूळ. खटल्यात आरोपीला शिक्षा करायची असते, म्हणून दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात कोणालाच शिक्षा व्हायची नसते. जखम आहे का आणि ती सेवेशी जोडलेली आहे का, एवढेच ठरवायचे असते. खटल्याची वाट किती वळणांची आहे, ते २०२१ च्या कोइम्बतूर प्रकरणात दिसले. हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेतल्या महिला अधिकाऱ्याने बलात्काराची तक्रार केली, बंदी असलेली टू-फिंगर चाचणी केल्याचा आरोप केला, हवाई दलाने तो नाकारला. तमिळनाडू पोलिसांनी आरोपीला अटक केली आणि न्यायालयाने त्याला कोर्ट मार्शलसाठी हवाई दलाच्या ताब्यात दिले. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ७० प्रमाणे नागरी व्यक्तीवरील बलात्काराचा खटला एरवी नागरी न्यायालयातच चालतो, पीडित स्वतः सैनिक असेल तर मात्र कोर्ट मार्शलही चालू शकते. आणि कलम १२२ खाली त्याला तीन वर्षांची मुदत आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी कायद्यात तक्रारीची मुदत तीन महिने, फार तर आणखी तीन. त्याचे कलम १५ भरपाई ठरवताना मानसिक आघात आणि मानसोपचारांचा खर्च धरायला सांगते, ही चांगली तरतूद. पण तो कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. पुरुष सैनिकाची अवस्था आणखी बिकट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ ची जागा घेणारे कलमच नाही, त्यामुळे पुरुषावरील बलात्काराला थेट लागू होणारी तरतूद नागरी कायद्यात उरलेली नाही. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ४६ मधले अशोभनीय आणि अनैसर्गिक वर्तन एवढाच आधार राहतो. खटल्याच्या या साऱ्या मुदती उलटल्या, आरोपी सुटला, किंवा तक्रारच झाली नाही, तरी पेन्शनचा दावा मरत नाही. दावा नाकारताना 'तक्रार का केली नाही' हे कारण देणे नियमाला धरून नाही.

मोहोळ भागातल्या माजी सैनिकाने सुरुवात कागदांपासून करावी. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे बदलते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिकला, महार रेजिमेंटचे सागरला. स्वतःच्या मेडिकल बोर्डाची एएफएमएसएफ-१६ ची प्रत आणि सेवानोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम २५ स्वतःचे उपचारांचे कागद पाहण्याचा हक्क देते आणि कलम २३ गोपनीयतेचा. सेवेत असताना निदानच झाले नसेल, तर आजार सेवेतल्या कारणातून उशिरा प्रकट झाला, अशी मांडणी करण्याची सोय पात्रता नियमांत आहे. त्यासाठी आजचे निदान लागते आणि ते सोलापूरला सर्वोपचार रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेमार्फत पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये मिळू शकते. स्वेच्छेने नाव कापून घेतलेल्यांनाही दार बंद नाही. २९ सप्टेंबर २००९ च्या पत्राने १ जानेवारी २००६ नंतर मुदतपूर्व बाहेर पडलेल्यांना अपंगत्वाचा भाग देऊ केला आहे. अत्याचारग्रस्त माणूस बहुधा असाच, मध्येच नोकरी सोडून घरी येतो आणि गावात कोणाला कारण कळत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी साधारणपणे निवृत्त लष्करी अधिकारीच असतो. त्याचा कारभाराला फायदा आहे, पण वर्दीतल्या माणसाने केलेल्या अत्याचाराची कथा पुन्हा वर्दीत राहिलेल्या माणसाला सांगायची, हे अनेकांना जमणार नाही. प्रत्येक जिल्हा कार्यालयात अशा दाव्यांसाठी एक प्रशिक्षित स्त्री आणि एक प्रशिक्षित पुरुष नेमला, घटनेचे वर्णन बंद पाकिटात थेट मेडिकल बोर्डाकडे जाईल अशी सोय केली, तर तालुक्याच्या गावातून अर्ज निघण्याची शक्यता निर्माण होईल. आज ती फार थोडी आहे.

ही गरज पुढे वाढणार आहे. १९९२ पासून स्त्रिया वैद्यकीय सेवांबाहेरच्या शाखांत अधिकारी झाल्या, २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत शिपाई म्हणून आल्या, मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आता शिपाई पातळीवर भरती अग्निवीर म्हणून होते आणि अग्निवीराला निवृत्तिवेतनच नाही. सेवेमुळे ५०, ७५ किंवा १०० टक्के अपंगत्व आल्यास १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. 'सेवेमुळे' हा शब्द तिथेही आहे. म्हणजे यादी दुरुस्त करण्याचा प्रश्न जुन्या सैनिकांपुरता नाही. संरक्षण मंत्रालयाने डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत सेवेतल्या व्यक्तीने केलेल्या लैंगिक अत्याचाराचा स्पष्ट समावेश करावा आणि अप्रत्यक्ष पुरावा कोणता चालेल, ते लिहून द्यावे.

तोवर दावा नाकारला गेला तर आधी दोन टप्प्यांचे विभागीय अपील आहे, नंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत सहा महिन्यांची. पण पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय असल्याने उशिराचा अर्जही चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग खटल्यात सांगितले आहे. मात्र थकबाकी सहसा अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणून ज्याला किंवा जिला हा दावा करायचा आहे, त्यांनी पूर्ण पुरावा हाती येण्याची वाट न पाहता अर्ज आधी दाखल करावा आणि कागद मागाहून जोडावेत.